दूध आमचें, भांडें कोणाचें?

दुभतें हा शेतीचा जोडधंदा, असें म्हणण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं दर दहा दिवसांनीं जो रोख पैसा येतो, ज्यावर किराणा, मुलांची फी आणि मजुरांची मजुरी भागते, तो दुधाचाच असतो. उसाचा पैसा वर्षानें येतो. कांदा तारील कीं रडवील याचा नेम नाहीं. दूध मात्र दररोज घरांतून बाहेर जातें आणि ठरल्या दिवशीं पैसा आणतें. ज्या मालावर संसाराचा एवढा भार, तो माल शेवटीं कोणत्या भांड्यांतून आणि कोणाच्या नांवानें विकला जातो, याचा विचार आम्ही शेतकरी क्वचितच करतों. तो करावा, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

एखाद्या दूधवाल्या गांवीं सायंकाळीं जाऊन पाहावें. सकाळीं त्या गांवांतून किटल्या भरभरून दूध डेअरीवर घातलेलें असतें आणि टँकर तें घेऊन गेलेला असतो. संध्याकाळीं घरीं पाहुणा आला किंवा म्हैस आटली, कीं घरचा मुलगा चौकांतल्या दुकानीं धांवतो आणि अर्ध्या लिटरची प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. त्या पिशवींतील दूध कदाचित् याच तालुक्याचें असेल. परंतु सकाळीं दुधास मिळालेला भाव आणि सायंकाळीं त्याच घरानें मोजलेला भाव यांत मोठें अंतर असतें. या अंतराचा कांहीं भाग न्याय्य आहे, हें आम्ही जाणतों. टँकरचें डिझेल, शीतयंत्रें, पाश्चरीकरण, पिशवी, दुकानदाराचें कमिशन, हा सर्व खरा खर्च आहे. आमची तक्रार खर्चाविषयीं नाहीं. आमचा प्रश्न असा कीं, खर्च वजा जातां जें उरतें तें कोणाचें, आणि तें ठरवितो कोण?

या प्रश्नाचें उत्तर प्रांतोप्रांतीं निराळें आहे. दूध कोठें पेल्यांत विकतात, कोठें बाटलींत, कोठें पिशवींत, तर कोठें नळाखालीं भांडें धरून. या रीति नुसत्या सवयीनें पडलेल्या नाहींत. प्रत्येकीच्या मागें उत्पादक कसा संघटित झाला, याचा इतिहास आहे. म्हणून वाचकांनीं आमच्याबरोबर थोडी फेरी मारावी.

प्रथम आपलें कोल्हापूर घ्या. गंगावेशींतील दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यांत देतात. येथें पिशवी नाहीं, शिक्का नाहीं, जाहिरात नाहीं. म्हैस हेंच दुकान आणि पेला हेंच भांडें. भाव सांगणारा म्हशीचा धनी स्वतः असतो आणि दुधाच्या खरेपणाची हमी गिऱ्हाइकाचे डोळे देतात. परंतु अशा विक्रीनें जिल्ह्याचें दूध खपत नाहीं. म्हणून त्याच कोल्हापुरांत १९६३ सालीं जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ निघाला आणि ‘गोकुळ’ या नांवाचें दूध पिशव्यांतून मुंबई-पुण्याच्या घरांत जाऊं लागलें. पेला आणि पिशवी एका जिल्ह्यांत सुखानें नांदतात, आणि दोन्ही ठिकाणीं विकणारा हात उत्पादकाचा किंवा उत्पादकांच्या संघाचा आहे.

मुंबईची कथा याहून लांबलचक आहे. शहरांतील तबेल्यांची घाण आणि दुधाची टंचाई या दोन्हींवर उपाय म्हणून १९४९ सालीं गोरेगांवास आरे वसाहत उभी राहिली. १९५१ सालीं पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. आरेचें दूध काचेच्या बाटल्यांतून सरकारी केंद्रांवर मिळे. पहाटे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेंत उभें राहणें, हा मुंबईकरांच्या दोन पिढ्यांचा नित्यक्रम होता.

याच मुंबईंत दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांनीं ‘टोन्ड’ दुधाची युक्ति रूढ केली. ती आमच्या प्रत्येक वाचकानें समजून घेण्याजोगी आहे. म्हशीच्या दुधांत ६ टक्के स्निग्धांश असेल, तर त्या १०० लिटरांत भुकटीपासून तयार केलेलें १०० लिटर बिनसायीचें दूध मिसळल्यास ३ टक्के स्निग्धांशाचें २०० लिटर दूध होतें. हें दूध स्वस्त पडतें, गरिबाच्या मुलास मिळूं शकतें, आणि कायद्यानेंहि तें मान्य आहे. युक्ति लोकहिताचीच होती, यांत शंका नाहीं. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट कायमची बदलली: शेतकरी जें दूध घालतो आणि ग्राहक जें दूध घेतो, तीं एकच वस्तु राहिलीं नाहींत. मधल्या कारखान्यांत दुधाचें मापच बदलतें.

आणि तरीहि मुंबईंत तबेल्याचें सुटें दूध टिकून आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १ मार्च २०२३ पासून मुंबईच्या दूध उत्पादकांच्या संघटनेनें म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक भाव लिटरमागें ८० रुपयांवरून ८५ रुपये केला. त्याच सुमारास ६ टक्के स्निग्धांशाचें नामांकित पिशवीचें दूध ६६ रुपये लिटरनें किरकोळ विकलें जात होतें. म्हणजे ज्यास पिशवी नाहीं, शिक्का नाहीं, तें दूध घाऊकींतच पिशवीच्या दुधाहून महाग! शहरांतल्या महाग चाऱ्याचा आणि जागेचा यांत वांटा आहे; पण त्याबरोबरच तबेल्यांचे धनी एकत्र बसून भाव जाहीर करतात, हेंहि त्याचें कारण आहे. यावरून पिशवी हीच कांहीं जादूची वस्तु नव्हे, हें सिद्ध होतें. भांडें भरण्यापूर्वीं भाव कोण उच्चारतो, हें मुख्य.

आतां गुजरातकडे वळूं. मुंबईच्या दूध योजनेस खेडा जिल्ह्यांतून दूध पुरविण्याचा मक्ता एका खाजगी कंपनीच्या हातीं होता. शेतकऱ्यास काय द्यावें, हें ती कंपनी व तिचे दलाल ठरवीत. ४ जानेवारी १९४६ रोजीं सामरखा गांवीं शेतकऱ्यांची सभा झाली. मोरारजी देसाई तीस उपस्थित होते. आपल्या सहकारी संघाकडून दूध घेतल्याखेरीज कोणासहि दूध घालावयाचें नाहीं, असें तेथें ठरलें. पंधरा दिवस खेड्याचें दूध मुंबईस गेलें नाहीं. सरकार नमलें, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजीं जिल्हा संघाची नोंदणी झाली. पुढें १९७३ सालीं निरनिराळ्या जिल्हा संघांनीं मिळून विक्रीसाठीं एक महासंघ केला आणि सर्वांचें दूध-लोणी ‘अमूल’ या एकाच नांवानें विकण्यास सुरुवात केली. ग्राहकाच्या रुपयांतील ८० ते ८५ पैसे उत्पादकाकडे जातात, असें ती संस्था सांगते. त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि आपले खुरोडी या तिघांस १९६३ सालीं मॅगसेसे पारितोषिक एकत्र मिळालें, हा योगायोग नव्हे. खेड्याचें दूध आणि मुंबईची बाटली हीं एकाच साखळीचीं दोन टोकें होतीं.

दिल्लीस तिसरीच रीत दिसते. तेथें १९७४ सालीं सुरू झालेल्या मदर डेअरीनें चौकाचौकांत दुधाचे बूथ उभारले. ग्राहकानें घरून भांडें आणावें, यंत्रांत टोकन टाकावें, आणि नळांतून थंड, पाश्चरीकृत, मोजलेलें दूध घ्यावें. सुट्या दुधाचा स्वस्तपणा आणि बंद दुधाची स्वच्छता यांचा हा मेळ आहे. पिशवीचा खर्च नाहीं आणि गल्लींत प्लास्टिकचा ढीगहि नाहीं.

कर्नाटकांत ‘नंदिनी’ हें एकच नांव राज्यभर चालतें. तेथील एक अलीकडची गोष्ट आमच्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. जून २०२४ मध्यें तेथील महासंघानें प्रत्येक पिशवींत ५० मिलिलिटर दूध वाढविलें आणि पिशवीमागें किंमत २ रुपयांनीं वाढविली. अर्ध्या लिटरची पिशवी ५५० मिलिलिटरची झाली. पुढें १ एप्रिल २०२५ पासून पिशवी पुन्हां मूळ मापावर आणली, लिटरमागें ४ रुपयांची दरवाढ केली, आणि ही वाढ उत्पादकांस देण्याचें जाहीर झालें. ग्राहकांनीं कुरकुर केली, तें स्वाभाविक आहे. परंतु शेतकऱ्यानें यांतून काय शिकावें? ज्याच्या हातीं पिशवी, त्याच्या हातीं माप आणि किंमत हीं दोन्हीं आहेत. तो मापानें भाव हालवूं शकतो किंवा आंकड्यानें. ज्याच्या हातीं नुसती किटली आहे, त्याला यांपैकीं एकहि गोष्ट करतां येत नाहीं.

देशाबाहेरचें एकच उदाहरण देतों. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांत ४ लिटर दूध तीन पिशव्यांत विभागून विकतात; ग्राहक एकेक पिशवी सुरईंत ठेवून तिचा कोपरा कापतो. त्याच देशाच्या पश्चिम भागांत मात्र मुठीच्या मोठ्या प्लास्टिकच्या बरण्या चालतात. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा भेद वरवरचा आहे. दोन्हीकडे दूध प्रथम उत्पादकांच्या मंडळामार्फत विकलें जातें. कोणत्या उपयोगाच्या दुधास काय भाव, हें आधींच ठरलेलें असतें. आणि प्रक्रिया करणाऱ्यास त्या भावानेंच दूध उचलावें लागतें. तेथें बरणी कारखानदाराची असली, तरी भाव उत्पादकांच्या संमतीशिवाय ठरत नाहीं.

ही फेरी संपवून घरीं परत येतां काय दिसतें? आपल्या राज्यांत दुधाच्या नांवांची वाण नाहीं. गोकुळ आहे, वारणा आहे, कात्रज आहे, राजहंस आहे. यांतील पुष्कळ संस्थांचा कारभार नांवाजण्याजोगा आहे. परंतु गुजरात किंवा कर्नाटकांतील उत्पादकांप्रमाणें एका नांवाखालीं एकत्र येणें आम्हांस साधलें नाहीं. राज्याचा म्हणून जो महासंघ होता, त्याच्या ‘महानंद’ डेअरीचा कारभार २०२४ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोंपवावा लागला. राज्यांतील संघटित खरेदीचा मोठा भाग खाजगी डेअऱ्यांच्या हातीं आहे. या डेअऱ्या दूध घेतात, रोख पैसा देतात आणि अडल्या वेळीं उचलहि देतात; त्यांचे उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु जागतिक बाजारांत भुकटी पडली कीं दुसऱ्या दहा दिवसांच्या पट्टींत आमचा भाव पडतो. आणि पिशवीवर छापलेली किंमत मात्र पडल्याचें आम्ही फारसें पाहिलेलें नाहीं. २०२४ सालच्या आरंभीं राज्य शासनास गाईच्या दुधास लिटरमागें ५ रुपये अनुदान द्यावें लागलें, आणि त्यासाठीं डेअरीनें किमान २७ रुपये द्यावे अशी अट घालावी लागली. त्या वेळीं शहरांत गाईच्या दुधाची लिटरची पिशवी पन्नास रुपयांवर विकली जात होती. सरकारी खजिन्यांतून मदत मिळाली, तिचा आम्ही आदर करतों. पण दरवेळीं मदतीसाठीं हात पसरावा लागणें, हें बागायतदार म्हणविणाऱ्यास शोभत नाहीं.

एक हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. डेअरीवर गाईच्या दुधाची जी भावपत्रकें लागतात, तीं बहुधा ३.५ टक्के स्निग्धांश म्हणजे फॅट आणि ८.५ टक्के इतर घनांश या प्रतीस धरून असतात. फॅट एका पॉइंटानें खालीं आला तरी पट्टींतून पैसे कापले जातात. टोन्ड दुधाच्या पिशवींत कायद्याप्रमाणें ३ टक्के फॅट पुरेसा आहे. म्हणजे ३.५ चें दूध ३ वर आणल्यास १,००० लिटरमागें सुमारें ५ किलो स्निग्धांश कारखान्यांत शिल्लक राहतो, आणि त्याचें लोणी-तूप निराळें विकलें जातें. यांत लबाडी कांहीं नाहीं; हा सरळ व्यापार आहे. परंतु हा व्यापार आमच्याच दुधावर चालतो आणि त्याच्या नफ्यांत आमचें नांव नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जो संघ उत्पादकांचा असतो, तो हेंच लोणी विकतो आणि वर्षाच्या शेवटीं दरफरक म्हणून सभासदांस वांटतो.

येथें कोणी म्हणेल, ‘मग पिशवी सोडून पुन्हां गवळ्याचा रतीब आणावयाचा काय?’ मुळींच नाहीं. गवळ्याच्या चरवींतलें पाणी आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ प्यालें आहे. सुट्या दुधांत भेसळीस वाव अधिक, उन्हाळ्यांत तें नासतें, आणि त्याची जबाबदारी कोणावर ठेवतां येत नाहीं. बंद पिशवीनें तारीख, प्रत आणि विकणाऱ्याचें नांव हीं तिन्ही ग्राहकासमोर आणलीं, हा तिचा मोठा गुण आहे. तिचा दोष प्लास्टिकचा. महाराष्ट्र शासनानें मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदींत दुधाची पिशवी वगळली, पण ती ५० मायक्रॉनहून पातळ नसावी व किमान ५० पैसे देऊन परत घ्यावी, असें घातलें. ती तजवीज घरोघर पोंचली, असें म्हणवत नाहीं. तेव्हां पिशवी नको असें आम्ही म्हणत नाहीं. पिशवी दुसऱ्याचीच असली पाहिजे असें नाहीं, एवढेंच म्हणतों.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. गांवच्या छोट्या संस्थेस यंत्रें, परवाने, तपासणी, वितरण हें सर्व झेपणार कसें? आणि शहरांतील मोठ्या नांवांशीं ती टक्कर कशी देणार? आक्षेप खरा आहे. ज्या संस्थांनीं ऐपतीबाहेर कारखाने उभारले व कर्जांत बुडाल्या, त्यांचीं उदाहरणें आपल्यासमोर आहेत. म्हणून आम्ही मुंबई जिंकण्याचा सल्ला देत नाहीं. आमची सूचना लहान आणि जवळची आहे.

पहिली सूचना अशी. प्रत्येक तालुक्यांतील संस्थांनीं एकत्र येऊन आपल्या दुधाचा एक भाग, आरंभीं दहावा हिस्सा कां होईना, आपल्याच तालुक्याच्या गांवीं आपल्या नांवानें विकावा. तालुक्याच्या ठिकाणीं आतां कचेऱ्या, शाळा, दवाखाने, चहाचीं दुकानें आणि भाड्याच्या घरांत राहणारीं कुटुंबें आहेत. त्यांचें दूध शंभर मैलांवरून यावें आणि आपलें दूध शंभर मैलांवर जावें, यांत व्यवहार कोणता? त्यासाठीं दिल्लीच्या धर्तीवरचें दूध देणारें यंत्र पुष्कळ ठिकाणीं पुरेल. पाश्चरीकृत, थंड दूध, ग्राहकाचें स्वतःचें भांडें, आणि यंत्रावर त्या दिवसाची फॅट लिहिलेली. पिशवीचा खर्च वांचेल, तो अर्धा ग्राहकास द्यावा व अर्धा उत्पादकास.

दुसरी सूचना. नवें नांव काढण्याचा मोह टाळावा. दर संस्थेस नवा शिक्का, नवा रंग, अध्यक्षांचें छायाचित्र, ही हौस महाग पडते. जिल्ह्यास एक नांव असावें आणि त्या नांवास एक प्रत असावी. एका गांवानें खराब दूध दिलें तर सर्व जिल्ह्याचें नांव जातें, ही धास्तीच संस्थांस शिस्त लावील.

तिसरी सूचना प्रत्येक सभासदास करतां येण्याजोगी आहे, आणि तिला एक पैसाहि लागत नाहीं. येत्या वार्षिक सभेंत उठून विचारावें: ‘गतवर्षीं आपल्या संघानें किती दूध स्वतःच्या नांवानें विकलें आणि किती टँकरनें दुसऱ्यास दिलें? दोहोंत लिटरमागें काय मिळालें? लोणी-तुपाचें उत्पन्न किती?’ अहवालांत हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं छापावे, असा ठराव मांडावा. आम्ही खात्रीनें सांगतों कीं, हे आंकडे पाहिल्यावर पुढल्या सभेंत लेखाची गरज उरणार नाहीं.

चौथी गोष्ट सूचना नव्हे, ती अट आहे. आपल्या नांवानें दूध विकावयाचें, तर तें नांवास शोभेल असें घातलें पाहिजे. कांस धुऊन, कोरड्या हातानें, स्वच्छ भांड्यांत धार काढावी. आजारी जनावराचें वा औषध टोंचलेल्या जनावराचें दूध औषधाची मुदत संपेपर्यंत वेगळें ठेवावें. आणि दूध लवकरांत लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होईल अशा बेतानें केंद्रावर न्यावें. दुसऱ्याच्या पिशवींत आपलें दूध शंभर गांवांच्या दुधांत मिसळून जातें, तेव्हां आपला आळस लपतो. आपल्या पिशवींत तो लपणार नाहीं. ज्यांस हें ओझें वाटेल, त्यांनीं भावाची तक्रारहि करूं नये.

कोल्हापूरचा म्हशीचा धनी पेला भरून देतो तेव्हां त्याच्या तोंडून भाव निघतो आणि गिऱ्हाईक तो देतें. सामरखाच्या शेतकऱ्यांनीं पंधरा दिवस दूध रोखलें तेव्हां त्यांच्याहि तोंडून भाव निघाला. आमच्या तोंडून मात्र दर दहा दिवसांनीं एकच प्रश्न निघतो: ‘या पट्टीला काय भाव लागला?’ हा प्रश्न विचारणारा विक्रेता नव्हे. तो नुसता दूध घालणारा आहे. घालणाऱ्याचा विकणारा व्हावयाचा असेल, तर शेवटच्या भांड्यावर हात आपला पाहिजे. म्हैस आपण पाळली, वैरण आपण घातली, पहाटे आपण उठलों. आतां भांडेंहि आपलेंच असावें, अशी या मासिकाच्या वाचकांस आमची आग्रहाची विनंति आहे.